वायरलेस कार्ड बदलण्याआधी

'आरोग्य आणि अर्थ' या पानावर कॉम्प्युटरच्या वायरलेस कार्डाचे काय काम, असे काही वाचकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. पण आपल्या घरांतून आता काय काय चालते ते जरा आठवून पाहा. डॉक्टरांची भेट व्हिडिओवर होते. रक्ततपासणीचा रिपोर्ट तिथेच येतो. टॅक्स रिटर्न, ४०१-केचे कागद, भारतातल्या बँकेचे केवायसी, आई-वडिलांच्या मेडिकल इन्शुरन्सचा क्लेम, सगळे त्या टेबलाखालच्या डब्यातूनच जाते. आणि हा डबा जगाशी जोडलेला असतो तो पोस्टाच्या तिकिटाएवढ्या एका कार्डाने. ते कार्ड मधूनच मान टाकू लागले की आरोग्य आणि अर्थ दोन्ही खोळंबतात.

कोणी म्हणेल, हल्ली डेस्कटॉप वापरतो कोण? फोन आहे, लॅपटॉप आहे. असतील. पण बारा पानांचा इन्शुरन्सचा फॉर्म फोनवर भरून पाहा, म्हणजे डेस्कटॉप अजून का लागतो ते कळेल. शिवाय चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना मोठा पडदा लागतो, आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंना तर लागतोच.

माझे म्हणणे अगदी सरळ आहे. वायरलेस बिघडले की आपण आधी खरेदी करतो आणि मग विचार करतो. हा क्रम उलटा हवा. बिघाड कुठे आहे हे शोधायला एक पैसा लागत नाही, एक संध्याकाळ लागते. आणि एका जागी ठाण मांडून बसणाऱ्या यंत्राला जमेल तिथे तारच लावावी. हे दुसरे मत काही मंडळींना जुनाट वाटते, हे मला ठाऊक आहे. त्याकडे पुढे येतो.

आधी एक उदाहरण सांगतो. आमच्या न्यू जर्सीतल्याच एका ओळखीच्या घरी सांगलीहून आजोबा आले होते. निघण्यापूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झालेली. पुण्याच्या डॉक्टरांनी संध्याकाळी पाचची व्हिडिओची वेळ दिली होती, म्हणजे उन्हाळ्यातली आपली सकाळची साडेसात. वीस मिनिटांत तीनदा चित्र गोठले. रक्त पातळ करण्याच्या गोळीबद्दल डॉक्टर काहीतरी बदल सांगत होते, तो नेमका अर्धवट ऐकू आला. अर्धी की एक? सकाळी की रात्री? सुनेने लगेच साधा फोन लावला, लिहून घेतले, दोनदा वाचून दाखवले, म्हणून निभावले.

मग सुरू झाली खरेदी. त्या दिवशी नवे वायरलेस कार्ड. पुढच्या शनिवारी घरभर ठेवायचा मेश राऊटरचा तीन डब्यांचा संच. काही शे डॉलर गेले आणि चित्र गोठायचे ते गोठतच राहिले. शेवटी दोष सापडला तो बेसमेंटमध्ये. केबल कंपनीची जाड तार घरात शिरते तिथला, ती दोन खोल्यांकडे फोडणारा पितळी तुकडा गंजला होता. कंपनीच्या माणसाने तो दहा मिनिटांत फुकट बदलून दिला. म्हणजे जुने कार्डही ठणठणीत होते आणि जुना राऊटरही.

यात त्या कुटुंबाला नावे ठेवण्याचा हेतू नाही. पडद्यावर सगळ्या बिघाडांचे लक्षण एकच दिसते, 'नेट गेले'. ताप मलेरियाचाही असतो आणि घसा दुखण्याचाही, पण म्हणून आपण दोन्हींची औषधे एकदम घेत नाही. इथे मात्र घेतो.

'नेट गेले' म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. कॉम्प्युटर आणि राऊटर यांच्यातला हवेतला दुवा तुटतो, किंवा राऊटर स्वतःच अडकतो, किंवा राऊटरच्या पुढे कंपनीची लाइन जाते. वायरलेस कार्डाचा संबंध फक्त पहिल्या प्रकाराशी आहे. तेव्हा तुमच्याकडे कोणता प्रकार आहे हे आधी ठरवा.

पहिली परीक्षा पोरकटपणाइतकी सोपी आहे. नेट गेल्या गेल्या फोन हातात घ्या, त्याचा मोबाइल डेटा बंद करा आणि तो कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवून काही उघडते का पाहा. शेजारी म्हणजे खरोखर शेजारी, टेबलाखाली डबा आहे तिथे. वरच्या मजल्यावर सोफ्यात बसून 'फोनवर तर चालतंय' म्हणण्यात अर्थ नाही. फोनवरही बंद असेल तर कार्डाला सोडून द्या. फोनवर चालत असेल तर संशय कॉम्प्युटरवर.

दुसरी परीक्षा थोडी टाइप करण्याची आहे, पण घाबरू नका. विंडोजमध्ये स्टार्टवर जाऊन सी-एम-डी ही तीन अक्षरे टाइप केली की एक काळी खिडकी उघडते. तिच्यात पिंग हा शब्द इंग्रजीत लिहा, जागा सोडून राऊटरचा पत्ता, पुन्हा जागा सोडून एक छोटी आडवी रेघ आणि तिला लागून टी. राऊटरचा पत्ता बहुधा त्याच्या बुडावरच्या चिठ्ठीवर असतो, बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, काही केबल कंपन्यांच्या राऊटरना १०.०.०.१ असतो. आता अशीच दुसरी काळी खिडकी उघडा आणि तिच्यात पत्ता द्या ८.८.८.८. हा गूगलचा पत्ता, म्हणजे घराबाहेरचे जग. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवा आणि आपले काम करत राहा.

दर सेकंदाला एक ओळ येत राहील. राऊटरच्या खिडकीत आकडे थोडे मिलिसेकंद, म्हणजे दोन, चार, फार तर दहाच्या आसपास हवेत. बाहेरच्या खिडकीत दहा-वीस-तीस चालतील. आता नेट अडले की पाहा. राऊटरची खिडकी शांतपणे चालू आहे आणि फक्त बाहेरच्या खिडकीत 'रिक्वेस्ट टाइम्ड आऊट' येत आहे, तर तुमचे कार्ड निर्दोष आहे. कंपनीला फोन करा. त्या आजोबांच्या घरी नेमके हेच होत होते. दोन्ही खिडक्या एकदम कोलमडल्या, किंवा राऊटरचेच आकडे चारशे-आठशेवर उड्या मारू लागले, तर दोष घरात आहे. कंट्रोल आणि सी एकदम दाबले की खिडकी थांबते आणि शेकडा किती निरोप हरवले याचा हिशोब छापते. तो आकडा आणि वेळ वहीत लिहून ठेवा. कंपनीच्या माणसाला 'नेट नीट चालत नाही' सांगण्यापेक्षा 'मंगळवारी रात्री सव्वानऊला राऊटर उत्तर देत होता, बाहेरचे शंभरातले अठरा निरोप हरवले' असे सांगितले की बोलण्याचा सूरच बदलतो, हा अनुभव आहे.

तिसरी परीक्षा लांब तारेची. पन्नास फुटांची साधी नेटवर्कची तार, कॅट ५-ई किंवा कॅट ६, पंधरा डॉलरच्या आत-बाहेर मिळते. ती एका संध्याकाळपुरती जिन्यावरून सरळ खाली सोडा, राऊटर ते डेस्कटॉप. घरातल्यांना अडखळू नका म्हणून सांगा. कॉम्प्युटरचे वायरलेस मुद्दाम बंद करा, नाहीतर तो नेमके कोणत्या वाटेने चालला आहे ते कळणार नाही. एवढे केल्यावर त्रास गेला तर दोष हवेतल्या दुव्यात. तारेनेही त्रास राहिला तर दोष दुसरीकडे, आणि तुमचे कार्डाचे पैसे वाचले.

आता समजा दोष हवेतच निघाला. तरीही कार्ड मेले असे लगेच समजू नये. इथे वही फार उपयोगी पडते. नेट किती वाजता गेले आणि त्या वेळी घरात काय चालले होते, एवढे आठवडाभर लिहा. बहुतेक वेळा दोष त्या नोंदींतच दिसतो.

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा सापडलेले कारण सांगायलाही लाज वाटावी इतके साधे आहे. अँटेना. डेस्कटॉपच्या मागे दोन छोटे पितळी स्क्रू असतात, त्यांना दोन अँटेना लावायच्या असतात. घर बदलताना त्या काढल्या जातात आणि कुठल्या तरी खोक्यात राहतात. अँटेना नसली तरी कार्ड पूर्ण बंद पडत नाही, जवळचा राऊटर त्याला अंधुकसा ऐकू येतो. म्हणून 'चालतंय पण तुटतंय' अशी अवस्था होते. अनेक कार्डांवर ब्लूटूथही याच अँटेनांवर चालते, तेव्हा वायरलेस माऊसनेही सोबतीला उड्या मारल्या तर तिकडे बघा. दोन्ही अँटेना हाताने घट्ट फिरवून बसवा. आणि त्या असूनही उपयोग नसेल तर डबा कसा ठेवला आहे ते पाहा. पत्र्याचा डबा, पाठ भिंतीला, वर लाकडी टेबल, बाजूला फायलींचे लोखंडी कपाट! अँटेना बिचारी भिंतीशी बोलत बसते. लोहचुंबकाच्या बुडाची, दोन-तीन फूट वायरची अँटेना थोड्या डॉलरात मिळते, ती टेबलावर ठेवता येते.

घराच्या बांधणीचाही यात भाग आहे. इथली घरे लाकडी सांगाड्याची आणि ड्रायवॉलची, त्यातून लहरी बऱ्या जातात. पुण्या-मुंबईच्या विटा-काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये एका भिंतीआड जे होते, ते इथे तीन भिंतींआड होत नाही. पण आपण डेस्कटॉप ठेवतो कुठे? बेसमेंटमध्ये. तिथे काँक्रीट, फर्नेस, आणि छताला गरम हवेचे पत्र्याचे बोगदे. राऊटर वर फॅमिली रूममध्ये टीव्हीच्या मागे. मग दोष कार्डाचा कसा?

लहरींचे बळ उणे आकड्यांत मोजतात, आणि उणे असल्यामुळे लहान आकडा चांगला. अँड्रॉइड फोनवर फुकटचे मोजणारे ॲप मिळतात. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओवरचे बोलणे नीट चालते, उणे ७५-८० च्या पलीकडे गेले की रडगाणे. डेस्कटॉपच्या जागी फोन ठेवून मोजा. उणे ८० आले तर जगातले महागडे कार्डही तिथे चमत्कार करणार नाही.

वहीत 'संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळी' असे वारंवार आले तर मायक्रोवेव्हवर संशय घ्या. तो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि वायरलेसचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. राऊटरवर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा असतो, त्यावर जाऊन पाहा. तो भिंतींतून कमी जातो, पण गर्दी कमी. २.४ वरच राहायचे असेल तर अमेरिकेतल्या अकरा चॅनलांपैकी १, ६ आणि ११ हीच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, त्यांपैकी एक निवडा. टाउनहाउस आणि अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण तिथे रात्री आठ ते दहा सगळे शेजारी एकाच वेळी सिनेमा बघतात.

एक गमतीचे कारण बऱ्याच हुशार माणसांनाही माहीत नसते. बाहेरून लावायची बॅकअपची हार्ड डिस्क यूएसबी ३ च्या खाचेत असेल, तर तिची वायर आणि जोड २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खरखर सोडतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढले होते. बॅकअप सुरू झाला की नेट जाते, असा मेळ बसला तर ती डिस्क अँटेनापासून दूरच्या, पुढच्या खाचेत लावा. ज्यांचे वायरलेस कार्ड म्हणजे मागे खोचलेला छोटा यूएसबीचा तुकडा आहे, त्यांनी तो एक हातभर एक्स्टेंशनच्या वायरीवर बाहेर काढून टेबलावर ठेवावा.

विमानतळाजवळ राहणाऱ्यांसाठी आणखी एक. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५२ ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. रडारचा संकेत आला की राऊटरला नियमाप्रमाणे तो चॅनल सोडावाच लागतो, आणि घरातली सगळी यंत्रे एकदम तुटतात. राऊटरला ३६ ते ४८ मधला चॅनल ठरवून दिला की हा त्रास संपतो.

नेट फक्त झोपेतून उठल्यावर जात असेल, म्हणजे कॉम्प्युटर स्लीपमधून जागा झाल्यावर, तर ते सॉफ्टवेअरचे दुखणे आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टर्सखाली आपले कार्ड उघडा. पॉवर मॅनेजमेंटचे पान दिसत असेल तर वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करण्याची मुभा देणारी खूण काढून टाका. इंटेलच्या कार्डांत ॲडव्हान्स्ड पानावर रोमिंग ॲग्रेसिव्हनेस नावाची ओळ असते. एका जागी बसलेल्या डेस्कटॉपला सतत नवा राऊटर शोधत फिरण्याची गरज नाही, ती सर्वांत खाली ठेवा. मेश राऊटर घेतलेल्यांना याचा विशेष उपयोग होतो, कारण डेस्कटॉप दोन डब्यांच्या मध्ये बसला असेल तर तो उगाच इकडून तिकडे उड्या मारतो. कार्ड यादीतून गायबच झाले, किंवा पिवळी खूण आणि कोड १० असे दिसले, तर कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, भिंतीतला प्लग काढा, पॉवरचे बटण पंधरा सेकंद दाबून धरा आणि मग सुरू करा. नुसते रीस्टार्ट केल्याने कार्डाची वीज जात नाही, याने जाते.

विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तेव्हा बऱ्याच घरांत जुन्याच डब्यावर विंडोज ११ चढवले गेले. त्यानंतर वायरलेस बिघडले असेल तर ड्रायव्हर तपासा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ड्रायव्हर पानावर मागच्या ड्रायव्हरवर परत जाण्याचे बटण असते. ते उजळ दिसत असेल तर दाबून दोन दिवस बघा. नवा ड्रायव्हर हवा असेल तर तो कॉम्प्युटर बनवणाऱ्या किंवा कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्याच ठिकाणाहून घ्या. 'तुमचे ३२ ड्रायव्हर जुने झाले आहेत' असे सांगून वर्गणी मागणारे प्रोग्रॅम घेऊ नका.

कारण इथूनच खिसा कापायला सुरुवात होते. यंत्र बिघडलेले, माणूस वैतागलेला, आणि समोर कोणीतरी मदतीला तयार. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम या दोन कंपन्यांनी फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून मिळून ३.५ कोटी डॉलर भरले. कमिशनचा आरोप असा की, दुकानात कॉम्प्युटरची 'आरोग्य तपासणी' करताना गिऱ्हाइकाला सुरुवातीला चार प्रश्न विचारत, कॉम्प्युटर हळू चालतो का, मध्येच बंद पडतो का वगैरे. एकाला जरी होकार दिला की तपासणीचा निकाल ठरलेला, रोगाची लक्षणे सापडली! मग दुरुस्तीचे शेकडो डॉलर. नावाजलेल्या दुकानाची ही गत, तर फोनवरच्या अनोळखी माणसाचे काय सांगावे?

म्हणून एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः दुपारी घरी एकट्या असणाऱ्या वडीलधाऱ्यांना, पुन्हा पुन्हा सांगा. 'वायरलेस दुरुस्ती' असे शोधून जो फोन नंबर पहिला दिसेल तो लावायचा नाही. पडद्यावर लाल चौकट येऊन 'या नंबरवर ताबडतोब फोन करा' म्हणाली तर ती खोटी, कारण मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. कंपनीचा नंबर बिलावर छापलेला असतो, तोच लावायचा. समोरचा माणूस हिंदीत गोड बोलला, 'आंटीजी, मैं हूँ ना' म्हणाला, म्हणून तो आपला होत नाही. कोणाला कॉम्प्युटरचा ताबा देऊन बसलाच असाल तर आधी नेट तोडा, मग कार्डाच्या पाठीवरच्या नंबरवर बँकेला फोन करा, आणि पासवर्ड बदला ते दुसऱ्या यंत्रावरून.

आता तारेचा मुद्दा. 'आजच्या काळात तार?' हा आक्षेप मी मंडळाच्या पिकनिकला ऐकला आहे, तोही संगणकावरच पोट भरणाऱ्या मंडळींकडून. त्यांना माझे एवढेच विचारणे आहे की, तुमच्या ऑफिसातला सर्व्हर वायरलेसवर चालतो का? हलणाऱ्या वस्तूला वायरलेस हवे, हे बरोबर. फोन हलतो, लॅपटॉप हलतो. बेसमेंटमधला डेस्कटॉप पाच वर्षांत एकदा हलला तर हलला. तारेला शेजाऱ्याची गर्दी नाही, मायक्रोवेव्ह नाही, रडार नाही, ड्रायव्हरची कटकटही फारशी नाही. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते, आणि आपल्यापैकी कोणाचेच घर तेवढे लांब नाही.

खरा आक्षेप घरातून येतो, तो दिसण्याचा. हॉलमधून निळी वायर गेलेली गृहिणीला का आवडावी? तो मान्य करून उपाय काढता येतो. चपटी पांढरी तार भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीला चिकटून गेली की दिसत नाही. स्वतःचे घर असेल तर इलेक्ट्रिशियनकडून एकदाच भिंतीतून ओढून घ्या. भाड्याचे घर असेल आणि दोन्ही खोल्यांत केबल टीव्हीची गोल तार आलेली असेल, तर मोका नावाची जोडी मिळते. एक राऊटरपाशी, एक डेस्कटॉपपाशी, आणि ती त्याच गोल तारेवरून नेट नेते. घरात तार शिरते तिथे तिचा छोटा फिल्टर लावायला विसरू नये. विजेच्या वायरिंगवरून नेट नेणारी पॉवरलाइनची जोडीही असते. ती काही घरांत छान चालते, काही घरांत अजिबात नाही, म्हणून परत करण्याची मुदत पाहूनच घ्यावी, आणि ती थेट भिंतीत खोचावी, सर्ज स्ट्रिपमध्ये नव्हे.

एवढे सगळे होऊनही कार्डच दोषी ठरले, तर ते खुशाल बदला. आधी कॉम्प्युटरची वॉरंटी चालू आहे का बघा, असेल तर तो खर्च तुमचा नाहीच. नसेल तर कार्ड साधारण वीस ते चाळीस डॉलरचे काम आहे, त्यासाठी नवा कॉम्प्युटर घेऊ नका. खरेदीआधी जुन्या कार्डाचे नाव लिहून घ्या. इंटेलची एएक्स २०१ किंवा एएक्स २११ ही कार्डे फक्त इंटेलच्या ठरावीक बोर्डांवरच चालतात, एएमडीच्या डब्यात ती मुकी बसतील. एएक्स २१० ला ही अट नाही. बसवताना प्लग काढा, डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या, आणि अँटेनाच्या दोन बारीक तारा टिच् आवाज येईपर्यंत हलक्या हाताने दाबा. हात थरथरत असतील तर मंडळातल्या एखाद्या तरुणाला बोलवा. फक्त त्याला आल्या आल्या वही दाखवा. 'जरा बघ ना, नीट चालत नाही' म्हणून त्याचा अख्खा रविवार घ्यायचा आणि बदल्यात एक वाटी श्रीखंड द्यायचे, हा सौदा त्याला महागात पडतो.

आणि डॉक्टरांच्या व्हिडिओ भेटीसाठी दुरुस्ती होईपर्यंत थांबू नका. मॉनिटरच्या कडेला आजच एक चिठ्ठी चिकटवा. तिच्यावर डॉक्टरांच्या दवाखान्याचा फोन नंबर, भारताचा असेल तर ०११-९१ सकट, आणि खाली मोठ्या अक्षरांत मराठीत, 'चित्र थांबले तर एक मिनिट वाट पाहून हा फोन लावा, गोळ्यांची नावे आणि वेळा परत विचारून लिहून घ्या.' चिठ्ठीशेजारी दोऱ्याने एक पेन्सिल बांधून ठेवा.